तोर्रे व्हेस्काची अक्षरे

किलब्रॅनन हायलँडर्स या आमच्या किलब्रॅनन गावच्या राखीव पलटणीच्या हजेरीपटावर डॉलिना मर्चिसन हे नाव कधीच नव्हते. परंतु पंचेचाळीस वर्षांत जिच्या हाताखालून गेला नाही असा एकही सैनिक त्या पटावर सापडला नसता. ती पलटणीचे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेला नेसतात ते निऱ्यांचे वस्त्र, शिवत असे. सात-साडेसात वार जाड लोकर, हिरव्या-निळ्या चौकडीतून जाणारी बारीक पिवळी रेघ, आणि पाठीमागे अशा बेताने घातलेल्या निऱ्या की प्रत्येक निरीच्या कण्यावर तीच रेघ उभी यावी. पलटण पाठमोरी चालू लागली म्हणजे शेकडो निऱ्या एका लयीत उघडत आणि मिटत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या मनात त्या क्षणी जे दाटून येई, त्याला भक्ती म्हणावे की भय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

राखीव पलटण ही चीजच मोठी विलक्षण. मंगळवारी संध्याकाळी ड्रिल हॉलच्या दारातून आत शिरणारी माणसे उरलेल्या आठवड्यात शेवंडी धरतात, पाव भाजतात, गळके नळ दुरुस्त करतात. त्या काळी पलटणीचे प्रमुख कर्नल सदरलँड हे दातांचे डॉक्टर होते. पलटणीतल्या निम्म्या दाढा त्यांच्या ओळखीच्या. सार्जंट मेजर लॉइड अर्कर्ट शाळेची बस चालवी. ज्यांच्या पणजोबांना मेंढ्यांना चरायला जागा हवी म्हणून स्कॉटलंडच्या डोंगरांतून हुसकावून लावले, त्यांची ही पणतवंडे. समुद्र ओलांडून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या खडकाळ किनाऱ्यावर उतरताना त्यांनी भाषा आणली, ती दोन पिढ्यांत विरली. गाणी आणली, ती अर्धी राहिली. पलटण मात्र दीडशे वर्षे टिकली. जुन्या वैभवाचे सारे ओझे जणू त्यांनी तिच्याच खांद्यावर ठेवले होते.

डॉलिना जन्मली १९४४ च्या फेब्रुवारीत. तिचे वडील, शिपाई नॉर्मन मर्चिसन, आदल्या डिसेंबरात इटलीमध्ये तोर्रे व्हेस्का या गावापाशी नदी ओलांडताना गेले. पाणी चढलेले होते, आणि नदीने जे घेतले ते परत दिले नाही. थडगे नाही. परमुलुखातल्या एका लांबलचक भिंतीवर शेकडो नावांत त्यांचे नाव आहे म्हणतात. ते ना पत्नीने पाहिले ना मुलीने. आई, जेसी, पलटणीच्या कपड्यांची डागडुजी करू लागली आणि तान्ही डॉलिना किल्टच्या लाकडी खोक्यात निजू लागली. लोकरीचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास हाच तिचा पाळणा. पुढे आईची सुई तिच्या हातात आली, आणि ड्रिल हॉलमागची अरुंद खोलीही. लग्न तिने केले नाही. कुणी विचारले तर म्हणे, "चारशे पुरुषांच्या कमरेची मापं घेतलीत मी. हौस फिटली."

ती पंधरा वर्षांची असताना पलटणीला नवे निशाण मिळाले. हे निशाण म्हणजे साधा झेंडा नव्हे. गर्द निळे रेशीम, मधोमध पलटणीचे चिन्ह, आणि दोन्ही अंगांना, जिथे जिथे पलटण लढली त्या चौदा रणांची नावे सोन्याच्या जरीने भरलेली. धर्मगुरूंच्या मंत्रांनी ते अभिमंत्रित होते. मग त्याच्यासमोर कर्नलही टोपी घातलेला सामान्य माणूसच. ते रस्त्यावरून जाते तेव्हा म्हातारे काठीचा आधार सोडून ताठ उभे राहतात. त्या वर्षी चौदा नावांत पहिल्यांदाच तोर्रे व्हेस्का हे नाव आले. समारंभ संपल्यावर जेसीने मुलीला हाताला धरून निशाणाजवळ नेले. बोट न लावता, वीतभर अंतरावरून, तिने त्या सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझे बाबा."

पंचवीस वर्षे ते निशाण पलटणीपुढे चालले. चौऱ्याऐंशी साली नवे आले, आणि जुने, रीतीप्रमाणे, सेंट अँड्र्यूच्या चर्चमध्ये ठेवायला नेले. संथ पावलांची ती मिरवणूक मी पाहिली आहे. दारापाशी धर्मगुरूंनी ते हातात घेतले, आणि उत्तरेच्या भिंतीवर, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, आडव्या काठीवर ते लावले गेले. पलटणीच्या रीतींच्या पुस्तकात याविषयी जे लिहिले आहे ते थोडके आहे: यापुढे या निशाणाला सुई लागू नये, दोरा लागू नये, काच नको, जाळी नको, काळ नेईल तसे ते जावे.

आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानतात. इथे जीर्ण होऊ देणे हेच व्रत आहे. प्रथम ऐकले तेव्हा मला ते निष्ठुर वाटले होते. पुढे 'शरीर' या शब्दाची जुनी व्युत्पत्ती आठवली: जे झिजत जाते ते शरीर. या लोकांनी आपल्या निशाणाला शरीर मानले होते, आणि शरीराला जो मान द्यायचा तो पूर्ण दिला होता.

अठ्ठावीस वर्षे गेली. २०१२ च्या शरदात चर्चच्या आतल्या भिंती रंगवायला काढल्या आणि उत्तरेच्या भिंतीला परांची लागली. डॉलिना वेदीवरचे कापड नीट करायला गेली होती. काम संपल्यावर तिने सहज वर पाहिले, आणि मग सहज नाही असे काहीतरी करून बसली. ती परांचीवर चढली.

इतक्या जवळून ते निशाण तिने पंधराव्या वर्षानंतर पाहिले नव्हते. निळे रेशीम राखेच्या रंगावर आले होते. पोताचे आडवे धागे ठिकठिकाणी गेले होते, उभे तेवढे पावसाच्या धारांसारखे लोंबत होते. भरतातली जर मात्र तशीच होती, थंड आणि सोनेरी. आणि तिच्याच वजनाने खालचे रेशीम फाटत होते. जिथे नाव, तिथे चीर आधी. तोर्रे हा शब्द अजून धरून होता. व्हेस्काची पाच रोमन अक्षरे मात्र दोन-चार तंतूंवर पुढे झुकली होती, नदीत उतरणाऱ्या माणसासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपली बारीक सुई, केसासारखा रेशमी दोरा आणि चष्मा घेऊन आली. चर्चचा राखणदार हेक्टर मॅथसन रंगाचे डबे आवरीत होता.

"डॉलिना, उतर खाली. अडुसष्ट वर्षांची बाई तू. पडलीस तर मला किती कागद भरावे लागतील ठाऊक आहे?"

"तू चहा पी, हेक्टर."

"काय चाललंय वर?"

"कोळिष्टकं काढतेय."

"सुईनं?"

हेक्टरने त्या दुपारी तीन कप चहा घेतला आणि एकदाही मान वर केली नाही. त्याच्या पुढच्या दोन दुपारीही तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी ती उतरली तेव्हा ती पाच अक्षरे रेशमावर सपाट, घट्ट बसलेली होती. टाका असा की दिसू नये. घरी जाऊन तिने मासळीचा रस्सा गरम केला आणि कितीतरी वर्षांनी दोनदा वाढून घेतला.

शुक्रवारी सार्जंट मेजर लॉइड चर्चमध्ये आला. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा नोव्हेंबरातला रविवार जवळ येत होता; पलटण कुठून शिरेल, कुठे बसेल, हे पावले टाकून मोजायचे होते. या माणसाला मोज्याची घडी बोटभर खाली आलेली शंभर पावलांवरून दिसे. त्याने उत्तरेच्या भिंतीकडे पाहिले, आणि मोजता मोजता थांबला. तिथून तो सरळ ड्रिल हॉलमागच्या खोलीत आला.

"मिस मर्चिसन," तो दारातूनच म्हणाला.

सतराव्या वर्षी त्याचा पहिला किल्ट तिने शिवला, तेव्हापासून ती त्याची डॉलीआत्या. तिने इस्त्री बाजूला ठेवली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. चर्चमधून येतोय."

"मग?"

"निशाणाला कुणीतरी टाके घातलेत."

"वाईट घातलेत का?"

"वाईट असते तर कुणी घातले हे मला कळलंच नसतं," लॉइड म्हणाला. "असा टाका घालणारं अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस आहे. तुम्हाला रीत माहीत होती."

"मला रीत शिकवतोस? ते वर चढवलं तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. तू नवाच कॉर्पोरल झाला होतास आणि तुझा डावा मोजा घसरला होता."

लॉइड हसला नाही. ती मग हळू आवाजात बोलू लागली.

"माझ्या बाबांचं एवढंच आहे, लॉइड. दगड नाही, हाड नाही. फोटो आहे, त्यात पण ते मान वळवून कुणाशी तरी बोलतायत. ते नाव खाली पडलं की संपलं. मग ते कुठंच नाहीत."



"ठाऊक आहे गं, आत्या," लॉइड म्हणाला. "पण टाके काढायला हवेत. येत्या गुरुवारी परांची उतरतेय. त्याच्या आत."

"मग तू काढ. माझ्या हातून नाही व्हायचं."

"माझ्या हातात कात्री? रेशीम राहील का वर?"

"नाही राहणार," ती म्हणाली. "म्हणून तर."

लॉइडने प्रकरण कर्नलसाहेबांकडे नेले. साहेब दवाखान्यात होते. खुर्चीत एक कोळी तोंड उघडून पडला होता. सारे ऐकल्यावर साहेबांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"लॉइड, पंचवीस फूट उंचावर आहे ते. कुणाला दिसणार?"

"मला दिसलं, सर."

"तुला सगळंच दिसतं. तोच तर आम्हा सगळ्यांचा वनवास आहे." खुर्चीतल्या कोळ्याने घशातून होकार भरला. "तू गप्प बस," साहेब त्याला म्हणाले आणि खिडकीशी गेले. हुकूम द्यायला ते मोकळे होते. पण एका मुलीच्या बापाचे नाव फाडून काढा, असा हुकूम देणे त्यांच्या जिभेवर येईना. आणि रीत मोडू द्या, असे म्हणणेही येईना. "मर्डोला विचारू," ते शेवटी म्हणाले. "ती नदी ओलांडलेला तो एकटाच उरलाय. तो म्हणेल ते खरं."

मर्डो मॅक्‌विकर एक्याण्णव वर्षांचा होता आणि बंदराजवळच्या वृद्धाश्रमात राहत असे. नॉर्मन मर्चिसनबरोबर तो भरती झाला, त्याच्या तुकडीत होता. डॉलिनाला हे कळले तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मर्डो नाही म्हणणार नाही, अशी तिची खात्री होती. लहानपणी दर नाताळला तो तिला संत्रे आणून देई.

मंगळवारी दुपारी लॉइडने मर्डोला चाकाच्या खुर्चीतून चर्चमध्ये आणले. गळ्यात त्याची दुर्बीण होती. खिडकीत बसून जहाजे बघण्याची. कर्नलसाहेब दोन रुग्णांच्या मधल्या वेळात आले होते. डॉलिना आपल्या चांगल्या कोटात बाकाशी उभी होती. हेक्टर झाडू घेऊन उगाच रेंगाळत होता.

मर्डोने दुर्बीण डोळ्यांना लावली. उंच खिडकीतून आलेले ऊन निशाणावर पडले होते, आणि त्या जुन्या रेशमातून पलीकडची भिंत दिसत होती.

"छान शिवलंयस पोरी," तो म्हणाला.

डॉलिनाने डोळे मिटून घेतले.

"तुझा बाप माझ्या पुढच्या नावेत होता. गाढवासारखा गात होता. मी ओरडलो, नॉर्मन, तोंड बंद ठेव, जर्मनांना ऐकू जाईल. तर म्हणतो, ऐकू दे, मला सूर सापडला की सोडतील आपल्याला." म्हातारा हसला आणि त्याला खोकला आला. मग दुर्बीण किंचित खाली सरकली. "आणि हे खालचं काय आहे गं? मला तर शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसतात."

लॉइडला ती चौदा नावे क्रमाने पाठ होती.

"मूरहूक," तो म्हणाला.

"मूरहूक," मर्डो म्हणाला. "बरोबर. आमचा ईवन तिथं आहे. माझा धाकटा भाऊ. चिखल एवढा होता की नंतर शोधायला गेले तर शेतच जागेवर नव्हतं." त्याने दुर्बीण खाली घेतली आणि डॉलिनाकडे पाहिले. त्या नजरेत राग शोधूनही सापडला नसता. "तुला दोरा पुरला नाही का गं?"

डॉलिना वर पाहत राहिली. तीन दुपारी ती त्या रेशमापासून हातभर अंतरावर बसली होती. तिची कोपरे त्या अर्ध्या गळालेल्या नावाला घासली असतील. आणि तिने ते वाचलेसुद्धा नव्हते. ज्या बाईला निरीचा अर्धा धागा सरकलेला पलीकडच्या फुटपाथवरून खुपतो, तिला ते दिसले नव्हते.

"शिवते," ती म्हणाली. "मर्डो, मूरहूक पण शिवते. सगळीच शिवते. चौदाच्या चौदा. गुरुवारपर्यंत होईल, मी रात्रंदिवस बसेन."

"होईल की. तुझा हात आहे तो." मर्डोने खुर्चीच्या हातावर बोटे वाजवली. "पण मग वर जे उरेल तो सगळा तुझाच दोरा असेल. आपलं निशाण कुठं राहिलं त्यात? ती पोरं गेली ना, पोरी, ती एकेक करून गेली. ज्याची वेळ आली तो गेला. मी नॉर्मनच्या मागं होतो, हात लांबवला असता तर कॉलर धरता आली असती असं मला साठ वर्षं वाटत होतं. नसती आली. अंतर फार होतं."

"मग काय ठरलं, मर्डो?" कर्नलसाहेबांनी विचारले. "राहू देत का टाके?"

"मला काय विचारता? जिनं घातलेत तिला विचारा. आणि मला चार वाजता बिंगोच्या डावाला पोचवा."

कुणी तिला विचारले नाही. साहेब गेले, लॉइड मर्डोला घेऊन गेला, हेक्टरने झाडू कोपऱ्यात ठेवला. डॉलिना बाकावर बसून राहिली. पहिल्यांदाच ती ते निशाण वाचत होती. वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, एकेक नाव. त्यांतली काही तिच्या आजोबांच्या काळातली, काही त्याच्याही आधीची, दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळांवरची. किती घरांतल्या किती मुली कोणत्या अक्षराकडे बोट दाखवून वाढल्या असतील, याचा हिशेब कोण करणार? आणि त्यांतल्या एकीनेही आजवर परांची मागितली नव्हती.

बुधवारी दुपारी तिने लॉइडला निरोप धाडला. मुलांना घरी सोडून, बस चर्चच्या आवारात उभी करून तो आत आला तेव्हा पूर्ण गणवेशात होता: तिनेच शिवलेला किल्ट, बुटांवर घोट्यापर्यंतचे पांढरे गेटर, छातीवर पदके. डॉलिना त्याच्याकडे बघून म्हणाली, "एवढं नटायला काय झालं? शिडी धरायचीय फक्त."

"निशाणापाशी कुणी जात असेल तर सार्जंट मेजर हजर लागतो. रीत आहे."

"मागच्या वेळी नव्हतास."

"मागच्या वेळी कुणी बोलावलं नव्हतं, आत्या."

ती चढली. वर पोचल्यावर तिने क्षणभर मान लववली, आणि मग आपली छोटी, वाकड्या टोकाची कात्री काढली. खाली लॉइड ताठ उभा राहिला, हात बाजूला, नजर समोर. हेक्टरने टोपी काढून छातीशी धरली. चर्चमध्ये कात्रीच्या पात्यांचा आवाज तेवढा होता, मुंगीच्या पावलांएवढा. उसवणे हे शिवण्याहून अवघड काम. त्यातही मेलेल्या रेशमातून जिवंत दोरा काढायचा, आणि रेशमाला कळू द्यायचे नाही. एका जागी तिने श्वास रोखून धरला तो इतका वेळ, की खालच्या दोघांचाही रोखला गेला. तास झाला, दीड तास झाला. लॉइडची पोटरी थरथरू लागली, तो हलला नाही.

शेवटचा टाका निघाला. डॉलिनाने हात मागे घेतले आणि ती बघत राहिली. पाच अक्षरे हळूहळू, झोपेतल्या माणसाची मान कलंडावी तशी, पुढे झुकली. आणि जुन्या तंतूंवर थांबली. दाराच्या फटीतून वारा आला. अक्षरे हलली. त्यांच्याबरोबर मूरहूकची उरलेली दोन हलली, आणि खालवर सारी चौदा नावे, सारे राखी रेशीम, एकदम आत-बाहेर झाले. इतक्या उंचीवर, इतक्या जवळ, त्या बाईने काय पाहिले ते मला सांगता येणार नाही. हेक्टर सांगे, ती वरून एवढेच म्हणाली, "लॉइड, श्वास घेतंय रे."

"होय, आत्या," तो नजर न वळवता म्हणाला.

स्मरणाच्या रविवारी पलटण आत आली. बाहेर बॅगपाइप थांबले, आतली दोन मिनिटे निःशब्द गेली, आणि साऱ्या चर्चचे डोळे नकळत उत्तरेच्या भिंतीकडे लागले. कारण किलब्रॅननमध्ये तोवर ही गोष्ट ठाऊक नाही असे कुणी उरले नव्हते. काही पडले नाही. हिवाळाभर काही पडले नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी हेक्टर बाकांखालून झाडत होता, तेव्हा त्याला फरशीवर मूठभर सोनेरी काहीतरी दिसले. वर पाहण्याची गरज नव्हती. त्याने झाडू दूर ठेवला, पांढरा रुमाल काढून त्यावर झाकला, आणि लॉइडला फोन केला. लॉइडने रीतींचे पुस्तक उघडले. एका पानावरची एक ओळ पलटणीला आजवर कधी लागली नव्हती, कारण याआधीचे निशाण जुन्या लाकडी चर्चबरोबरच आगीत गेले होते. ओळ अशी होती: गळून पडलेला अंश पलटणीने त्याच दिवशी भूमीत ठेवावा, सैनिकाला ठेवतात तसा.

त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी. दुपारी दोनला चर्चच्या आवारात तेवीस जण जमले. पाइप वाजवणारा बेकरीतून आला होता. त्याच्या भुवयांवर पीठ होते. कर्नलसाहेब एका बाईची दाढ बधिर करून, अर्ध्या तासात येतो, असे सांगून आले होते. जमीन गोठलेली, हेक्टरने कुदळीने वीतभर खळगा खणायला तासभर घालवला आणि प्रत्येक घावाला एक शिवी दिली, पण ओठातल्या ओठात. मर्डोला घोंगडीत गुंडाळून आणले होते.

डॉलिनाला रांगेत सर्वांत पुढे उभे केले. पलटणीच्या दीडशे वर्षांत निशाण घेऊन सैनिकाखेरीज कुणी चालले नव्हते. लॉइडने पांढऱ्या कापडातली ती पाच अक्षरे तिच्या दोन्ही तळहातांवर ठेवली आणि सलाम केला.

"वजनच नाही रे," ती म्हणाली.

मग ती संथ पावले. खळग्यापाशी ती गुडघ्यांवर बसली. धर्मगुरूंनी दफनाच्या वेळचे सारे शब्द म्हटले, एकही न गाळता. रायफली खाली झुकल्या, तेवीस माना खाली गेल्या. डॉलिनाने कापड आत ठेवले, गोठलेल्या मातीचे ढेकूळ हातात चुरले, आणि आपल्या बापाला मूठमाती दिली.

पाइपचा सूर उठला तेव्हा ती रडत होती; साऱ्या गावाने तिला पहिल्यांदा रडताना पाहिले आणि कुणी मान वळवली नाही.

सारे पांगल्यावर मर्डो तिथेच राहिला. त्याने तिला खुणेने जवळ बोलावले.

"आमच्या ईवनचं अजून वर आहे," तो म्हणाला. "दोन अक्षरं. मला काही तेवढा धीर धरवायचा नाही, पोरी."

डॉलिनाने त्याची घोंगडी खांद्यावर नीट ओढली. तिच्या हाताची माती त्या लोकरीला लागली.

"मी आहे ना," ती म्हणाली. "मी थांबते."